अ ते न माझ्याकडे, प ते ज्ञ तुझ्याकडे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो. तुझी भावजय साक्षीला आहे, परत सरळ व्हायला तिनेच हात दिला.) पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच रद्दीत टाकलं नसशील, तर आधी सांग, तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला अजून पहाटे पाचच्या ठोक्याला येतो, की वयोमानाने त्यालाही हल्ली उशीर होतो? तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितो आहे. वाढला नसेल तर माझं अक्षरच असं आहे हे तुला ठाऊक आहे. आमच्याकडे सगळे ठीक. माझं पित्ताशय जरा कुरकुरतं, असं डॉक्टर म्हणतात. पित्ताशय म्हणजे काय आणि ते कुठे असतं हे मला सांगता येत नाही, आणि का येत नाही ते तुझ्याइतकं दुसऱ्या कोणालाच कळणार नाही.

आपलं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली. अण्णा गेल्यावर पुढच्या खोलीत आपण सामान वाटायला बसलो होतो. कपाट तुला, पलंग मला, भिंतीवरचं घड्याळ तुला (ते रोज दहा मिनिटं मागे पडतं म्हणून मी फार ताणून धरलं नाही), असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग अण्णांचा कोश निघाला. हिरव्या बांधणीचे बारा खंड, विश्वातलं सगळं काही अ पासून ज्ञ पर्यंत. तुलाही हवा, मलाही हवा. शेवटी भावोजी म्हणाले, सहा-सहा घ्या आणि मोकळे व्हा. (भावोजी लाकूडकाम करणारे, कुठलीही वस्तू मधोमध कापता येते यावर त्यांचा फार विश्वास.) अ ते न मला, प ते ज्ञ तुला. तेवढ्यावर भागलं असतं. पण मी सातव्या खंडासाठी अडून बसलो. मला सात आणि तुला पाच, हा कुठला हिशेब, असं तू विचारलंस. तेव्हा मी भावोजींच्या देखत तुला एक वाक्य बोललो. ते वाक्य इथे लिहायला हात धजत नाही. शेवटपर्यंत धजेल असं वाटतं, पत्र लांब आहे. तू सहा खंड दोन पिशव्यांत भरलेस आणि मला हातही लावू न देता स्वतः गाडीपर्यंत नेलेस.

तर आधी चांगली बातमी. मी सुटलो! गेला दीड महिना मानेवर जे भूत बसलं होतं ते परवा, बुधवारी दुपारी सव्वाचार वाजता उतरलं. तेव्हापासून मी दोन्ही वेळ पोटभर जेवतो आहे, झोपेत बडबडत नाही (असं तुझी भावजय म्हणते), आणि काल तर मी कार्यालयात शीळ घातली. आमच्या वजनमापे खात्यात आजवर कोणी शीळ घातली नव्हती. मानक वजनं हलतील की काय अशा चेहऱ्याने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता भूत कुठून आलं ते सांगतो. तू खंड घेऊन गेलीस त्याच आठवड्यात मी चिडून माझे सहा खंड वाचायला काढले. तू तिकडे वाचत असशील, मग मी का मागे राहू, असा तो बाणा. लहानपणी मी त्यातली नुसती चित्रं पाहायचो, वाचायचीस ती तू. पण वर्षभरात मी अ ते न असा पार केला की मला त्यातला खडा न् खडा पाठ झाला. जिराफाच्या मानेत मणके किती? माणसाच्या मानेत असतात तेवढेच, सात. नाईल नदी कुठून कुठे वाहते? दक्षिणेकडून उत्तरेकडे. नेपच्यून दुर्बिणीतून दिसण्याआधी कागदावरच्या आकडेमोडीत सापडला, हे मी आमच्या शिक्केवाल्यांना (तपासलेल्या वजनांवर शिक्के मारतात ते) सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातला हातोडा तसाच वर राहिला. मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी सूचनाफलकावर 'आजची माहिती' असा एक चौकोन आखून दिला आणि तो रोज भरायचं काम माझ्याकडे आलं. हळूहळू खात्यात कोणाला काही अडलं की लोक माझ्या टेबलापाशी येऊ लागले. मला 'महासागर' म्हणू लागले. मला, ताई! ज्याला तू घरात ठोंब्या म्हणायचीस त्याला!

आणि महासागराला न च्या पुढे थेंबभर पाणी नाही. चंद्राचं काय वाटेल ते विचार, सूर्याबद्दल एवढंच ठाऊक की तो सकाळी उगवतो. नेपच्यूनवर मी तासभर बोलेन, पण आपण राहतो ती पृथ्वी तुझ्या ताब्यात. माणसाच्या शरीराची तर फारच विचित्र वाटणी झाली आहे. आतडी, कान, घसा, जठर, डोळे, दात, नाक हे सगळं माझ्याकडे, आणि नाकाशी माझा माणूस संपतो. फुफ्फुसं, मेंदू, यकृत, रक्त, हृदय, सगळं तू घेऊन गेलीस. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे मला माहीत. माणसाच्या एकात काय चालतं ते बाराव्या खंडात, तुझ्या कपाटात. (शाळेत शिकवलं असेल. पण शाळेतलं सगळं मी शाळेतच ठेवून आलो, हे तू माझ्या प्रगतिपुस्तकांवर पाहिलंच आहेस.) आणि कहर म्हणजे वजनमापे हा विषयच 'व'वर येतो. ज्या खात्यात उभी हयात घालवली ते खातंसुद्धा तुझ्या वाट्याला गेलं.

मग आठ वर्षं निभावलं कसं? वळवून. हे मी माझं शास्त्र म्हणून सांगतो, कोणाला बोलू नकोस. कोणी लोखंडाबद्दल विचारलं की मी म्हणायचो, लोखंडाचं सोडा हो, गंज ही खरी चीज आहे. आणि मग गंजावर सुटायचो. विजेबद्दल विचारलं की ढगांवर. साखर म्हटलं की ऊस. हत्ती आला की मी त्याच्या अंगावर गेंडा घालायचो. लोकांना आपण काय विचारलं होतं ते दोन मिनिटांत आठवत नाही, वर आणखी थोडी माहिती मिळाल्याचा आनंद होतो. दिवसभर बाजारात फिरून दुकानदारांचे तराजू तपासायचे, पाच ग्रॅम कमी भरलं तर जागच्या जागी वजन जप्त करायचं, आणि परत येऊन स्वतः अर्धा किलो पूर्ण किलो म्हणून विकायचा, असा माझा कारभार होता. लाज वाटत नव्हती असं नाही. पण महासागर म्हणून घ्यायची सवय लागली होती आणि निवृत्तीला चारच महिने राहिले होते. तेवढे पार पडले की अब्रूसकट घरी जाऊ असा माझा बेत होता.

तेवढ्यात सगळ्या सरकारी कार्यालयांची सामान्यज्ञान स्पर्धा जाहीर झाली. साहेबांनी मला न विचारता आमच्या चमूचा प्रमुख म्हणून माझं नाव दिलं आणि वर सगळ्यांसमोर सांगितलं, आता बक्षीस आपलंच. मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो. स्पर्धेत वळवून घेता येत नाही, ताई! तिथे हत्ती विचारला की हत्तीच सांगावा लागतो. भर सभागृहात, आठ खात्यांच्या समोर, माझी भंबेरी उडणार आणि मग उरलेले महिने मी कोणत्या तोंडाने सूचनाफलक भरणार? तू म्हणशील, हल्ली मोबाइलवर सगळं मिळतं. मिळतं. मी 'फुफ्फुस' शोधायला बसलो आणि पाऊण तासाने पाहतो तर एक गृहस्थ पाण्याखाली बसून बुद्धिबळ खेळत होते आणि मी ते तोंड उघडं टाकून बघत होतो. मला छापील पान लागतं, त्याला शेवट असतो.

आमच्या कार्यालयात एक टंकलेखिका बाई आहेत. बोलतात कमी, त्यामुळे त्यांना सगळं दिसतं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी त्या माझ्या टेबलापाशी आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला न च्या पुढचं काही येत नाही ना?" आठ वर्षं रोज 'आजची माहिती' त्याच टंकत होत्या. एकदासुद्धा प आला नाही, म आला नाही, स आला नाही; कागद त्यांच्या हातून जात होते, कळणार नाही तर काय? मी नुसती मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग पुढचं मी बघते. माझी मुलगी दहावीला आहे, रोज घोकून घेते मी तिच्याकडून." एवढं बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या. आठ वर्षं ज्या गोष्टीसाठी मी गेंडे आणि ढग गोळा करत होतो ती गोष्ट एका माणसाला ठाऊक होती आणि त्याने काहीही बिघडलं नव्हतं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

बुधवारी सभागृह गच्च भरलं होतं. वर पंखे कुरकुरत होते, ध्वनिक्षेपक मधूनच घुमायचा. मंचावर प्रश्न विचारायला एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात चिठ्ठ्या, बाजूला घंटी. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं, "विचारलं तेवढंच सांगायचं. इकडेतिकडे जायचं नाही." हे त्या माझ्याकडे बघून का म्हणाल्या ते मला कळलं नाही. आमच्या बाकावर मी, शिक्केवाले आणि टंकलेखिका बाई. पहिला प्रश्न आला, गेंड्याचं शिंग कशाचं असतं. आपले केस आणि नखं ज्या द्रव्याची असतात त्याचंच, मी ताडकन सांगितलं. दुसरा आला, माणसाच्या हृदयाला कप्पे किती. मी टेबलाखाली बाईंच्या चपलेला पाय लावला, त्या म्हणाल्या, चार. (बरं झालं कळलं. इतकी वर्षं चार कप्पे घेऊन फिरत होतो, पत्ता नव्हता.) असं आमचं छान जमलं. त्रास फक्त एकच व्हायचा, माझी अक्षरं दुसऱ्यांच्या पानात पडत होती. टपालवाल्यांना 'अंटार्क्टिका' आलं आणि त्यांनी ते वाया घालवलं, तेव्हा मला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं झालं.

मग जुनी खोड नडली. प्रश्न आला, माणसाचं रक्त लाल का दिसतं. बाई तोंड उघडतायत तोवर माझं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, ऑक्टोपसचं रक्त निळं असतं. हे खरं आहे, त्यात तांबं असतं. पण मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ऑक्टोपसचं विचारलंय का मी?" आणि टण्णकन घंटी. सभागृह पाच मिनिटं हसत होतं. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. आमचे गुण गेले आणि पाणीपुरवठ्याचे इंजिनियर, ज्यांना गेली तीन वर्षं कोणी हरवलेलं नाही, ते आमच्या बरोबरीला आले. आता एकच प्रश्न, आणि तो फक्त दोघा प्रमुखांना. जो आधी हात वर करेल त्याने सांगायचं, बाजूच्याने ब्र काढायचा नाही. बाईंनी आपली चप्पल हळूच बाजूला घेतली.

चिठ्ठी निघाली. बर्फावर हजारो सम्राट पेंग्विन एकत्र उभे असतात. समुद्रावरून परतलेली मादी त्यांतून आपला जोडीदार कसा ओळखते? ताई, न च्या पुढच्या अख्ख्या विश्वात मला एकच गोष्ट पाठ आहे, आणि ती पेंग्विन. (पेंग्विन 'प'त, 'प' सातव्या खंडात, सातवा खंड तुझ्याकडे, मग मला कसं ठाऊक, असं तू विचारशील. विचारू नकोस. सांगतो, पण खाली.) मी हात वर केला. नर अंडं पायांवर घेऊन उभा राहतो, वरून पोटाची कातडी पांघरतो, दोन महिने अन्नाचा कण न खाता त्या थंडीत उभा असतो, मग मादी परत येते, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर ओळीने उभं राहिलं. शेवटची ओळ आली, 'हजारोंच्या त्या गर्दीतून ती आपल्या जोडीदाराला ओळखते ती', आणि पान संपलं. पुढचं मला ठाऊकच नव्हतं. कधीच नव्हतं. माझा हात वर, इंजिनियरसाहेब पुढे वाकलेले, मुख्याध्यापिकांचा हात घंटीकडे.

आणि मला काय आठवावं? मी पाच वर्षांचा असताना यंत्रांच्या प्रदर्शनात हरवलो होतो, ते. आठवतं तुला? सगळीकडे गुडघे आणि पिशव्या, चक्कीचा धडधडाट, कर्ण्यावरून कोणीतरी माझं नाव, वय, सदऱ्याचा रंग सांगत होतं आणि ते माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी एका खांबाला मिठी मारून रडत होतो. तेवढ्यात त्या सगळ्या गलक्यातून कुठूनतरी लांबून ऐकू आलं, "ए ठोंब्याऽऽ!" मी खांब सोडला आणि आवाजाच्या दिशेने सुटलो, आणि बरोबर तुझ्या फ्रॉकवर जाऊन आपटलो. तू मला आधी एक रट्टा दिलास आणि मग उचलून घेतलंस.

"आवाजावरून," मी म्हणालो. मुख्याध्यापिकांनी चिठ्ठी उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "बरोबर."

पुढचं काय सांगू! शिक्केवाल्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या पाठीत उसण भरली. साहेबांनी दोनदा हात मिळवला. इंजिनियरसाहेब दिलदार माणूस, येऊन म्हणाले, मला वाटलं रंगावरून असेल. माझा जीव असा भांड्यात पडला की मी खुर्चीत बसून नुसता हसत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि बाई आपला रुमाल माझ्यापुढे धरून उभ्या होत्या. बक्षीस म्हणून पृथ्वीचा गोल मिळाला. तो आता माझ्या टेबलावर आहे. त्याच्याबद्दल मला काहीही सांगता येत नाही, पण फिरतो छान.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात वरची फेरी आहे आणि तिथे बाईंची चप्पल पुरेल असं वाटत नाही. तेव्हा तुझे सहा खंड महिनाभरासाठी पाठवलेस तर फार उपकार होतील. पानं दुमडणार नाही, चहा लांब ठेवीन. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
महासागर (खात्यापुरता)

ता. क. : खंड पाठवू नकोस. वर जे मागितलं ते खोटं आहे. वरच्या फेरीतून मी सकाळीच नाव काढून घेतलं आणि बाईंचं दिलं. साहेबांना कारणही सांगितलं, अ ते न वगैरे सगळं. ते म्हणाले, मला वाटायचंच की हत्ती विचारला की गेंडा का येतो. म्हणजे तेही ओळखून होते. फार हलकं वाटतं आहे. आता हात धजतो आहे, तेव्हा लिहून टाकतो.

पुन्हा ता. क. : सातव्या खंडातलं ते पान मी फाडलं होतं. नऊ वर्षांचा होतो. चित्रातला पेंग्विन मला इतका आवडला की अण्णांच्या दाढीच्या पात्याने मी ते पान कापून घेतलं आणि भूगोलाच्या वहीच्या वेष्टनात लपवलं. खंड तुझ्या उशाशी सापडला म्हणून अण्णांनी तुला धरलं. सगळी सुट्टी तुला कपाटाची किल्ली मिळाली नाही, आणि कोश वाचणारी घरात तू एकटीच होतीस. 'मी नाही' असं तू एकदा म्हणालीस, परत म्हणाली नाहीस. मी तिथेच उभा होतो. वाटणीच्या वेळी सातवा खंड मला लोभापायी नको होता. पान गुपचूप परत लावून टाकावं, एवढंच मनात होतं. तू नाही म्हणालीस तेव्हा मी घाबरलो आणि ते वाक्य बोललो, की ज्या हातांनी पान फाडलं त्याच हातांत खंड द्यायचा का. ताई, ते हात माझे होते. माझं चुकलं. तेव्हाही आणि नऊ वर्षांपूर्वीही. पान सोबत पाठवतो आहे. कडेला पिवळं पडलं आहे, पेंग्विन ठीक आहे.

आणखी एकच : पान जागेवर ठेवून बघ आणि त्याच्या पुढच्या पानावरची पहिली ओळ मला वाचून दाखव. उत्तर बरोबर आलं असलं तरी मूळ वाक्य कसं पुरं होतं ते मला अजून माहीत नाही, आणि पन्नास वर्षं मी त्या 'ती' वर अडकलो आहे. पत्राने कळवू नकोस, फोन कर. नंबर बदलला आहे, पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तुझाही बदलला असेल, म्हणजे माझ्या फोनवर नाव उमटणार नाही. काही हरकत नाही. कोण बोलतंय ते सांगू नकोस.

ठोंब्या